मातीची साय

तपासणीच्या खुर्चीत, डोक्यावर टोपी आणि कपाळाला चार गार बटणं चिकटवलेली, अशा अवस्थेत दर्शना मेस्त्रीला फिस्सकन हसू आलं. हसण्यासारखं तिथे काही नव्हतं. समोरच्या पडद्यावर शब्द येत होते आणि जात होते, टोपी चालवणारी मुलगी कंटाळलेल्या चेहऱ्याने बसली होती आणि बाहेर पॅकिंग विभागातल्या बायका आपापल्या पाळीची वाट बघत होत्या. पण हसू आलं ते आलंच. पुढे महिनाभर तिला त्या हसण्याचा जाब द्यावा लागला.

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतली फलकवच कंपनी फळांवर लावायचा लेप बनवत असे. हा लेप लावलेला हापूस चाळीस दिवस बोटीतून प्रवास करून परमुलखात उतरला तरी काल झाडावरून काढल्यासारखा दिसे, आणि लेप साध्या पाण्याने धुऊन जाई. कारखान्यात सात टाक्या होत्या. सहा उघड्यावर, सातवी पोलादी दारामागे. त्या दारातून आत जायची मुभा चौघांनाच. दर्शना पॅकिंगची पर्यवेक्षक. सोळा वर्षं ती त्या दारावरून ये-जा करत होती आणि तिने एकदाही आत डोकावून पाहिलं नव्हतं. ज्या गावाला जायचं नाही त्याची वाट कशाला विचारा, असा तिचा स्वभाव.

कंपनीने लेपाचं पेटंट घेतलं नव्हतं, आणि त्यात शहाणपण होतं. पेटंट घ्यायचं तर कृती जगापुढे मांडावी लागते, आणि वीस वर्षं सरली की ती कुणीही वापरावी. गुपिताला मुदत नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची. मात्र ती झाकलेली राहिली पाहिजे. नव्या कायद्याने व्यापारी गुपिताला तीन अटी घातल्या होत्या. ते चारचौघांना ठाऊक नसावं, ठाऊक नसण्यामुळेच त्याला मोल असावं, आणि मालकाने ते जपण्यासाठी वाजवी खबरदारी घेतलेली असावी. दाराला कुलूप न लावता चोरी झाली म्हणून ओरडत येणाऱ्याला कोर्ट दारात उभं करत नाही.

ही वाजवी खबरदारी म्हणजे पूर्वी करारपत्रं, किल्ल्या आणि कागदांवर ‘गोपनीय’ असा शिक्का. मग यंदा टोपी आली, आणि गुपित कुणाच्या कानावर गेलं आहे का ते तपासायला ती सगळ्या कामगारांना घालायचं ठरलं. माणसाला ओळखीची गोष्ट दिसली की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात त्याच्या मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. ती उठू न देणं कुणाच्या हातात नसतं. टोपी तेवढी लाट टिपते. गुपिताच्या एकेका पायरीसाठी पडद्यावर सहा पर्याय दाखवायचे, पाच खोटे आणि एक खरा. ज्याला गुपित ठाऊक नाही त्याला सहाही सारखेच, त्यामुळे बघून त्याला काही कळत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याचा मेंदू खऱ्या पर्यायावर उसळतो, मग तोंडाने तो कितीही नाही म्हणो. एकच गोष्ट टोपीला कळत नसे: ओळख झाली ती कुठे. यंत्राच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानावर हे बारीक अक्षरात छापलं होतं, आणि बारीक अक्षर वाचायला कुणाला वेळ असतो?

तर त्या दिवशी पडद्यावर शब्द आले. मातीत काय मिसळावं? कोकमाचं आगळ. ताकाची निवळ. चिंचेचा कोळ. आंबलेली पेज. लिंबाचं सत्त्व. काजूच्या बोंडांचा रस. पेज दिसताच दर्शनाला आपली आई दिसली, मडक्यात कोपरापर्यंत हात घातलेली. पुढे किती दिवस भिजवावं ते आलं, तीन दिवस. मग मडक्यातलं काय घ्यावं ते, वरची साय. मग कुठे वाळवावं ते, सावलीत. तिसऱ्या पायरीला तिला खात्री पटली, चौथीला ती हसली. सोळा वर्षं पोलादी दारामागे, पहाऱ्यात ठेवलेलं ते महान गुपित म्हणजे तिच्या आईच्या आठळ्या होत्या.

कोकणात फणसाच्या आठळ्या पावसाळ्यासाठी ठेवायच्या तर त्यांना लाल मातीचा लेप देऊन वाळवतात. हे घरोघरी होतं. पण साध्या मातीच्या आठळ्या श्रावणापर्यंत टिकल्या तर टिकल्या. दर्शनाच्या आईची तऱ्हा निराळी होती. ती सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळमाळावरची, माती आणून आंबलेल्या पेजेत तीन दिवस भिजवी, वर धरणारी मऊ लालसर साय तेवढी पळीने काढी आणि तिचाच लेप देई. त्या आठळ्या पुढच्या शिमग्याला सोलल्या तरी आतून ओल्या असत. ही रीत ती माहेराहून घेऊन आली होती. ते माहेर पुढे धरणाच्या पाण्याखाली गेलं, माणसं पांगली, आणि गावातल्या इतर बायका एवढा खटाटोप कोण करणार म्हणून साध्या मातीवरच राहिल्या. शेवटी ती रीत आईपाशी उरली आणि आईनंतर दर्शनापाशी. दर्शनाने तर लग्नानंतर फ्रीज घेतला होता.

तपासणीचा निकाल संध्याकाळी लागला. सातपैकी सात. स्वतः मालक बांदेकरशेठ यांचे सहा आले होते.

दुसऱ्या दिवशी तिला वर बोलावलं. कंपनीचे गोपनीयता अधिकारी प्रभुदेसाई हे वकील गृहस्थ, अतिशय मऊ बोलणारे. त्यांनी तिला चहा दिला आणि विचारलं की सातव्या टाकीतली माहिती तिला कोणी दिली आणि तिने ती पुढे कोणाला दिली. गुजरातेतल्या एका कंपनीने गेल्याच महिन्यात असाच लेप बाजारात आणला होता, त्यामुळे शेठ आधीच बिथरलेले. दर्शनाने हसतहसतच सगळं सांगितलं. तिला वाटलं, तेही हसतील. आईचं सांगितलं, आठळ्यांचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की केतकी मॅडमना विचारा, त्या आमच्याच घरी हे शिकल्या.

प्रभुदेसाई हसले नाहीत. डॉक्टर केतकी नगरकर ही कंपनीची मुख्य संशोधक. तिचा मोठा फोटो खालच्या दालनात लावलेला होता आणि त्याखाली ‘कवचाच्या जनक’ असं लिहिलं होतं. पॅकिंगमधली एक बाई त्या फोटोखालची पाटी आपल्या आईच्या नावाने मागत होती. प्रभुदेसाईंनी दर्शनाचं ओळखपत्र काढून घेतलं, चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आणि जाता जाता गळती-नोंदीची आठवण करून दिली.

ही नोंद म्हणजे सगळ्या कंपन्यांनी मिळून ठेवलेली यादी. जिच्या डोक्यातून गुपित गळलं ती बाई एकदा त्या यादीत चढली की तिला कुठेच काम नाही, आणि तिच्या घरातल्या माणसालाही नाही, कारण गळकं डोकं ज्या घरात जेवतं तिथे दुसऱ्या कंपनीने आपलं गुपित का पाठवावं? दर्शनाची मुलगी ओवी जूनपासून गोव्याच्या एका औषध कंपनीत शिकाऊ म्हणून जाणार होती. मुलाखती पार पडल्या होत्या. नेमणुकीच्या पत्राआधी ते घराची नोंद तपासणार होते.

घरी नवऱ्याने, सुहासने, सगळं ऐकून घेतलं. सुहास वायरमन, फार न बोलणारा. तो एवढंच म्हणाला, “पाण्यात रवान माशाशी वैर करू नको गो. काय लिवन मागतत ता दी.” दर्शनाला त्याचा राग आला. तिने चोरी केलीच नव्हती, मग ती काय म्हणून लिहून देणार? आणि काळजी कसली, केतकीताई होत्या ना. त्या एक शब्द बोलल्या की विषय संपला.

केतकीवर तिचा जीव होता, आणि त्याला कारण होतं. सतरा वर्षांपूर्वी केतकी पुण्याहून आली तेव्हा संशोधन करणारी विद्यार्थिनी होती. सड्यावरच्या मातीचे नमुने गोळा करायला तिला कुणी स्थानिक बाई हवी होती, ती दर्शना झाली; दोन वर्षांच्या ओवीला घेऊन ती तेव्हा आईकडे राहत होती. कुडाळच्या लॉजवर उतरलेली केतकी रोज सकाळी गाडीने येई, दोघी उन्हातान्हात सडा पालथा घालत आणि दुपारी दर्शनाच्या पडवीत येऊन टेकत. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी केतकी रडायच्या बेतात होती. माती म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चवड असते, असं तिने दर्शनाला समजावलं होतं. ते पापुद्रे सुटे करून फळावर बसवता आले तर ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसतील, हवेला आत शिरायला सरळ वाट उरणार नाही, वळसे घेत जावं लागेल, आणि फळाचा श्वास मंदावून ते टिकेल. पण पापुद्रे सुटत नव्हते. लेप सुकला की भेगा पडत होत्या. दोन वर्षांचं काम मातीमोल होण्याच्या मार्गावर होतं.

दर्शनाच्या आईने तिच्यापुढे पेज आणि आठळ्यांची भाजी ठेवली. केतकीने विचारलं, मार्च महिन्यात आठळ्या इतक्या ताज्या कशा, यंदाचा फणस तर अजून पिकला नाही. आई म्हणाली, गेल्या सालच्या. मग तिने सगळं दाखवलं. मडकं पुढे ओढलं, केतकीचा हात धरून सायीत बुडवला, बोटांना कसं लागलं पाहिजे ते सांगितलं. शेजारीण आत डोकावून म्हणाली, परक्यांका इतक्या कित्याक सांगतंस? त्यावर आई म्हणाली, “शिकवलंय नाय तर न्हेऊन काय मसणात ठेवतलंय?”

पुढचं शास्त्र दर्शनाला आत्ता कुठे कळत होतं. पेजेतला आंबटपणा पापुद्र्यांची एकमेकांवरची पकड सैल करतो, पेजेतली खळ मध्ये शिरून त्यांना पुन्हा चिकटू देत नाही, आणि सुटलेले हलके पापुद्रे वर येतात. ती साय. वर्षभराने कंपनी उभी राहिली आणि केतकीने दर्शनाला आठवणीने बोलावून नोकरी दिली. दर्शनाला ते उपकार वाटले होते. आई गेली तेव्हा केतकी परदेशी होती, तिथून तिने लांबलचक निरोप पाठवला होता. घेतलेलं कोणी असं विसरत नाही, असं दर्शना धरून चालली होती.

केतकीने फोनवर धीर दिला. “घाबरू नकोस, मी येतेय,” एवढंच म्हणाली, पण इतक्या मायेने की दर्शना त्या दिवशी पोटभर जेवली.

चौकशीला चौघं होते. शेठ, प्रभुदेसाई, कामगारांचा प्रतिनिधी आणि केतकी. केतकीचे केस कानाजवळ पिकले होते. ती आत येताना दर्शनाच्या खांद्यावर हात ठेवून गेली. प्रभुदेसाईंनी तिला विचारलं की दर्शना मेस्त्रींचं म्हणणं खरं आहे का. केतकी शेठकडे वळून म्हणाली, “दर्शना चोर नाही. चूक माझी आहे. इतक्या वर्षांच्या ओळखीत मीच कधीतरी तिच्याजवळ बोलून गेले असणार. दुसरं काही संभवत नाही. शिक्षा करायची तर मला करा.”

शेठनी सुटकेचा श्वास सोडला. कामगारांचा प्रतिनिधी म्हणाला, मॅडमचं मन मोठं. प्रभुदेसाईंनी कागद तयारच ठेवला होता. त्यात लिहिलं होतं की सदर कृती मला डॉक्टर नगरकर यांच्याकडून नोकरीच्या काळात समजली, ती कंपनीच्या मालकीची आहे, आणि मी ती आयुष्यभर कोणालाही, स्वतःच्या कुटुंबातल्यांनाही सांगणार नाही किंवा करून दाखवणार नाही. सही केली की गळतीचा ठपका नाही. उद्यापासून कामावर.

दर्शनाला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं आणि तिच्या कानशिलांत ऊन ऊन झालं. वाचवायला आलेल्या बाईने केसाने गळा कापला होता. उघड खोटं बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. हिने गुन्हा आपल्या अंगावर घेतला, वर मोठेपणा मिळवला, आणि तेवढ्यात आईचं नाव पुसून मोकळी झाली. सोळा वर्षं जिच्या फोटोखालून दर्शना रोज मान वर करून गेली, ती ही बाई.

“मी सही करणार नाही,” ती म्हणाली. “टोपी ह्यांनाही घाला.”

प्रभुदेसाई थोडे चकित झाले, पण माणूस कायद्याचा होता. ज्याच्यावर आळ आला त्याला एक उलटतपासणी मागता येते, बाहेरच्या तंत्रज्ञाकडून, असं त्याच कायद्यात लिहिलेलं होतं. त्यांनी ते कलम काढून वाचून दाखवलं आणि केतकीकडे पाहिलं. केतकी म्हणाली, घ्या की, माझी काही हरकत नाही. इतक्या सहज म्हणाली की दर्शनाला वाटलं, काय कोडगी बाई आहे.

चार दिवस दर्शनाने घर उलथंपालथं केलं. त्या मार्च महिन्यात तिच्या जुन्या मोबाइलमध्ये काढलेले फोटो तिने शोधून काढले. आईचा चेहरा, नाकात नथ नाही, कपाळावर घाम. पडवी. मातीने लाल झालेलं मडकं. सड्यावरचा तो एकटा वड. आणि एका फोटोत टायगर, त्यांचा तेव्हाचा कुत्रा, केतकीच्या गाडीमागे धावून धावून दमलेला. तंत्रज्ञ मुलीने प्रत्येक फोटोसोबत तशाच पाच परक्या वस्तूंचे, परक्या चेहऱ्यांचे फोटो लावले. सहा आया, सहा पडव्या, सहा मडकी. दर्शनाने त्या सहा आयांतली आपली आई दोनदा बघून घेतली. तिला मनातून खात्री होती: तोंड खोटं बोलेल, लाट कशी बोलेल?

तपासणी सगळ्यांसमोर झाली. पडद्यावर फोटो येत गेले आणि बाजूच्या दुसऱ्या पडद्यावर केतकीच्या मेंदूची रेघ चालत राहिली. वड आला तशी रेघ उसळली. म्हणजे सडा तिला आठवत होता, यंत्र नीट चाललं होतं. मग पडव्या आल्या. दर्शनाची पडवी आली आणि गेली. रेघ जशीच्या तशी. मडकं आलं, लाल काठाचं, ज्यात तिचा हात मनगटापर्यंत बुडवला होता. काही नाही. कुत्री आली. टायगर आला आणि रेघ चांगली वीतभर उठली. मग सहा बायकांचे चेहरे आले. चौथा चेहरा आईचा. रेघ सरळ होती. तंत्रज्ञाने ते चेहरे नियमाप्रमाणे तीस वेळा उलटसुलट क्रमाने दाखवले आणि तिसाही वेळा रेघ सरळ राहिली.

टोपी काढताना केतकीचा चेहरा गोंधळलेला होता. लबाडी पचवलेल्या बाईचा तो चेहरा नव्हता. तेव्हा दर्शनाला उमगलं. केतकी खोटं बोललीच नव्हती. तिला खरोखर काही आठवत नव्हतं. पेज आठवत होती, तीन दिवस आठवत होते, साय आठवत होती; ज्या हातांनी ती दिली ते हात तेवढे गळून गेले होते. त्या वर्षी ती शंभर गावं फिरली, शंभर बायकांनी तिला जेवू घातलं. प्रयोगशाळेत परत गेल्यावर कधीतरी ती कृती तिच्या डोक्यात वर आली आणि तिला वाटलं, आपल्याला सुचली. चूक माझी, मीच बोलले असणार, हेही ती मनापासूनच म्हणाली होती.

हे जास्त लागलं. चोराला निदान कुणाच्या घरात शिरलो ते माहीत असतं. तो त्या घरावरून जाताना मान खाली घालतो. इथे आईने जन्माची विद्या हातात दिली, आणि घेणारीला त्या घरातला कुत्रा आठवत होता, आई नव्हती. दर्शनाला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण त्या खोलीत तिने ते केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा बसवून प्रभुदेसाईंनी निकाल समजावून सांगितला, त्याच मऊ आवाजात. डॉक्टर नगरकर सड्यावर आल्या होत्या, दर्शनाच्या वाडीपर्यंतही गाडी आली असेल. पण घरात गेल्याचा, कृती पाहिल्याचा पुरावा नाही. उलट आता पुरावा आहे की पाहिली नाही. आई हयात नाही, शेजारीणही हयात नाही, आईच्या माहेरची माणसं कुठे आहेत ठाऊक नाही. कोर्टात गेलात तर हाच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहील. आणि नोंद तर आजच होईल.

दर्शनाने ओवीचा विचार केला. ओवीने गोव्यात राहायला खोलीही बघून ठेवली होती. आई असती तर काय म्हणाली असती, हे दर्शनाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्याचाच तिला त्या क्षणी संताप आला. त्या बाईने कधी काही राखून ठेवलंच नाही, म्हणून तर ही वेळ आली. तिने पेन मागितलं आणि चार ठिकाणी सही केली. कागदावर मराठीत स्वच्छ लिहिलं होतं की मला ही कृती डॉक्टर केतकी नगरकर यांनी सांगितली. चारही सह्या वळणदार आल्या याची तिला लाज वाटली. शेठनी तिला ओळखपत्र परत दिलं आणि झालं गेलं विसरून जा म्हणाले.

ती जिना उतरून पॅकिंगकडे निघाली तेव्हा मागून केतकी धावत आली. पोलादी दाराच्या अलीकडे तिने दर्शनाला गाठलं. तिला धाप लागली होती आणि चेहरा उतरला होता.

“तो कुत्रा,” केतकी म्हणाली. “मला तो कुत्रा माहीत आहे, दर्शना. कुठे पाहिला ते आठवत नाही, पण तो माझ्यामागे धावलाय. म्हणजे मी तुमच्याकडे आले होते. आले होते ना?”

केतकी बोलतच राहिली. रात्रभर झोपले नाही म्हणाली, तू असं उगीच म्हणणार नाहीस हे मला कळतं म्हणाली. ती कृती आपल्याला कशी सुचली हे आठवायला बसलं की तिथे नुसतं रिकामं लागतं, असंही म्हणाली. सोळा वर्षं लोक विचारतात, मॅडम, हे सुचलं कसं, आणि मी काहीतरी सांगते, दर वेळी निराळं. तिचे डोळे भरले होते. ते खरे होते, त्यात ढोंग नव्हतं.

“तू मला सगळं सांग,” तिने दर्शनाचा हात धरला. “मी कुठे बसले होते, तुझी आई काय म्हणाली, सगळं. तू सांगितलंस तर मला आठवेल. मग मी शेठना सांगेन, मी स्वतः सांगेन. नाही ऐकलं तरी मला तर कळेल. मी कोणाचं घेतलंय एवढं तरी मला कळू दे.”

दर्शनाला ती दुपार जशीच्या तशी दिसत होती. पडवीतली ओल, पेजेचा आंबूस वास, केतकीच्या कोपरापर्यंत चढलेली लाल माती आणि ती बघून आईचं खुदकन हसणं. सांगायला दोन मिनिटं पुरली असती. ती सांगणार आणि ही घेणार. आणखी दहा वर्षांनी कुणी विचारलं तर हिला ती दुपार आठवेल, आणि कुणी सांगितली ते आठवणार नाही. शेठना सांगेन म्हणते. ते म्हणतील, काल टोपीत नव्हतं ते आज कुठून आलं, दर्शनानेच भरवलं. आणि ते बरोबरच म्हणतील.

तिने आपला हात सोडवून घेतला.

“मॅडम,” ती म्हणाली, ताई म्हणाली नाही. “मी आत्ता वर सही करून आलेय. मला जे काही ठाऊक आहे ते तुम्हीच मला सांगितलंत. तसं लिहिलंय कागदावर, तुमच्यासमोर. मग मी तुम्हाला नवीन काय सांगणार?”

पाळी बदलल्याची घंटा झाली, आतून बायकांचा गलका ऐकू आला. दर्शनाने ओळखपत्र गळ्यात अडकवलं आणि ती पॅकिंगमध्ये शिरली. कुणीतरी विचारलं, काय झालं गो वर, इतको येळ? ती म्हणाली, काय नाय, आणि पट्ट्यावरून येणारे आंबे पेटीत भरायला लागली.